गणपतीचे सात दिवस कुणाच्या खात्यात?

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र आहे. काजू कारखान्यात ते ड्रायरवर काम करतात. 1 जुलै 2025 ला लागले, रोजंदारीवर, पण थेट कारखान्याच्या हजेरीपटावर. कारखान्यात साठेक माणसं, बॉयलर, विजेवरची यंत्रं. यंदा शिमग्याला पालखी घरी येते म्हणून त्यांनी चार दिवसांची पगारी रजा मागितली, तर मॅनेजर म्हणाले, ‘240 दिवस भरले नाय, मगे रजा खंयची?’ वर हेही सांगितलं की गेल्या गणपतीत कारखाना बंद होता ते सात दिवस त्यांच्या नावावर ‘अ‍ॅडव्हान्स रजा’ म्हणून मांडलेत. म्हणजे रजा मिळालेलीच नाही आणि वापरूनही संपली! लोट्याच्या एमआयडीसीतला चुलतभाऊ सांगतो, महिन्याला दीड दिवस मिळायलाच हवा. खरं काय, असा त्यांचा प्रश्न.

मॅनेजरांचा 240 हा आकडा आभाळातून पडलेला नाही. तुमच्याकडे डब्ल्यू 240 ही काजूगराची ग्रेड असते, तसा तो बहुतेक कारखान्यांच्या ऑफिसात तोंडपाठ असतो. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 79 मध्ये तो होता: वर्षात 240 दिवस काम केलं की दर 20 दिवसांमागे 1 दिवस पगारी रजा, ती पुढच्या वर्षात घ्यायची. पण वाचणारे पहिल्या पोटकलमावरच थांबतात. दुसऱ्याच पोटकलमात लिहिलं होतं की ज्याची नोकरी 1 जानेवारीला सुरू झाली नाही, त्याने वर्षाच्या उरलेल्या दिवसांपैकी दोन तृतीयांश दिवस काम केलं तरी पुरे. हिशेब सरळ आहे. 1 जुलैला लागलेला माणूस एकही रविवार घरी न बसता राबला तरी 31 डिसेंबरपर्यंत 184 दिवसच होतात. 240 तो कुठून आणणार?

आता तर हा कायदाही बदललाय. 21 नोव्हेंबर 2025 पासून कारखाने अधिनियमाच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक 2020 ची संहिता लागू झाली. तिच्या कलम 32 प्रमाणे पूर्ण वर्षाची अट 180 दिवसांवर आली आणि मधेच लागलेल्यासाठी दोन तृतीयांशाऐवजी उरलेल्या दिवसांचा एक चतुर्थांश पुरतो. दर 20 दिवसांना 1 हे प्रमाण तेच राहिलं.

तुमचं 2025 जुन्या-नव्याच्या सांध्यावर येतं, म्हणून दोन्ही मापं लावून बघू. 184 चे दोन तृतीयांश म्हणजे 123 दिवस, एक चतुर्थांश म्हणजे 46. आता तुमची हजेरी. या सहा महिन्यांत 26 रविवार, उरले 158. गणपतीचे 7 (26 ऑगस्ट ते 2 सप्टेंबर, मधला रविवार सोडून), दिवाळीचे 3, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर असे 12 दिवस कारखाना बंद. उरले 146. भातकापणीचे 2 आणि आईच्या आजारपणाचे 4 तुम्ही स्वतःच लिहिलेत. राहिले 140. बंदचे, सुट्टीचे दिवस कामाचे म्हणून धरावेत का यावर वाद घालता येतो, पण मी मुद्दामच ते वगळून सगळ्यात कंजूष हिशेब केला. तरीही 140 हे 123 च्याही वर आहेत आणि 46 च्याही. भागिले 20, म्हणजे 7 दिवस. ही तुमची 2025 ची कमाई, 2026 मध्ये घेण्याची.

चुलतभावाचं म्हणणं त्याच्या कंपनीपुरतं खरं असेल. तिथे करारात किंवा नेमणूकपत्रात महिन्याला दीड लिहिलं असेल तर कंपनीला ते द्यावंच लागेल. कायदा किमान ठरवतो, जास्त द्यायला कुणाची ना नाही. मात्र कायद्याची ही रजा महिन्यांवर ठरत नाही, काम केलेल्या दिवसांवर ठरते. ‘वर्षाला 15, मग सहा महिन्यांचे साडेसात’ हा ऑफिसातला सोयीचा हिशेब तुमच्या मॅनेजरांपुढे मांडू नका. तुमचा आकडा 7 आहे आणि तो हजेरीपटातून निघतो.

आता गणपती. खरी गंमत इथे आहे.

तुम्ही पगारपावत्यांचे फोटो पाठवलेत ते बरं केलंत. ऑगस्टच्या पावतीवर 21 दिवसांचा पगार दिसतो: 20 दिवस हजेरीचे, 1 स्वातंत्र्यदिनाचा. 26 ते 30 ऑगस्टचे पैसे नाहीत. सप्टेंबरच्या पावतीतही 1 आणि 2 तारीख कोरी. आता मॅनेजरांना एवढंच विचारायचं: रजा कापलीत ती पगारी रजा ना? मग तिचा पगार कुठे आहे? पगार न देता पगारी रजा वापरली असं दाखवणं कुठल्याच कायद्यात बसत नाही. शिवाय ऑगस्टमध्ये तुमच्या नावावर कमावलेली रजा मुळात नव्हतीच, आणि तुम्ही अर्जही केला नव्हता. कारखाना मालकाने बंद ठेवला. सगळं कोकण गणपतीत बंद असतं हे खरं, पण म्हणून मालकाचा बंद कामगाराची रजा होत नाही.

एक गोष्ट मात्र नीट आठवून बघा. त्या सुमारास कुठल्या छापील कागदावर सही केलीत का? ‘सगळ्यांनी सह्या करा, उद्यापासून बंद’ असं म्हणून रजेचे फॉर्म फिरवलेले मी पाहिलेत. तसं असेल तर ते लढाईचं कागदपत्र होईल, तरी पगार न दिल्याचा मुद्दा तुमच्याच बाजूने राहील. गणपतीच्या सात दिवसांचा पगार मिळायला हवा होता का, हा वेगळा प्रश्न. तो नेमणूकपत्र आणि कारखान्याच्या आजवरच्या प्रथेवर ठरेल, रजेच्या भांडणात तो मिसळू नका.

शिमग्यासाठी अर्ज लेखी करा, किमान 15 दिवस आधी. जुन्या कायद्यात ही मुदत होती, ती पाळली की कुणाला बोट दाखवायला जागा राहत नाही. अर्जात चारच गोष्टी लिहा: 1 जुलै 2025 ला रुजू, वर्षअखेर 140 दिवस काम, 7 दिवस रजा जमा, त्यातले 4 अमुक तारखेपासून हवेत. मध्ये रविवार आला तर तो रजेत मोजला जात नाही, तारखा लिहिताना तो सोडून मोजा. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर पोस्टाने रजिस्टर करून पाठवा. ‘नाही’ हे तोंडी ऐकून परत येऊ नका. न मागितलेली रजा पुढच्या वर्षी नेता येते ती 30 दिवसांपर्यंतच, पण अर्ज करून नाकारलेल्या रजेला ती मर्यादा नाही. उद्या ही नोकरी सोडलीत तर शिल्लक रजेचे पैसे दुसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत मिळायला हवेत, तेव्हाही हीच पोच लागेल.

एवढ्यावरही ऐकलं नाही तर अर्जाची प्रत, हजेरीच्या नोंदी आणि त्या दोन पगारपावत्या घेऊन जिल्ह्यातल्या सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे जा. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडेही तक्रार करता येते. माझा अंदाज, तिथवर जावं लागणार नाही. मॅनेजर लबाड असण्यापेक्षा जुन्या सवयीचे असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

पत्राच्या शेवटी वहिनींबद्दल विचारलंय. त्या त्याच कारखान्यात सोलणीला, किलोवर पैसे, आणि नाव ठेकेदाराच्या वहीत. त्यांनाही ही रजा आहे. मोबदला किलोवर मिळतो की रोजावर, याने कामगारपण बदलत नाही. अडचण एकच, त्यांच्या वहीत किलो लिहिलेले असतात, दिवस नाहीत. आजपासून घरच्या कॅलेंडरवर त्या कामाला गेल्या त्या प्रत्येक तारखेला खूण करायला सांगा, आणि मोबदल्याची प्रत्येक चिठ्ठी त्याच कॅलेंडरच्या मागे टाचून ठेवा.