दोन मार्कांनी गेलं की माणूस जास्त अडकतो

प्रश्न : ताई, मी हिंगोलीकडचा, बीएस्सी अ‍ॅग्री झालंय, वय २७. २०२१ ला पुण्यात आलो, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, दिवसभर अभ्यासिकेत. एमपीएससीच्या राज्यसेवेची पूर्व परीक्षा दोनदा गेली, दोन्ही वेळा दोन-अडीच मार्कांनी, एकदा मेन्स दिली तर तिथे अडकलो. डेस्कवर 'उपजिल्हाधिकारी २०२२' असा कागद चिकटवला होता, पुढच्या वर्षी शेवटच्या २ चा पेनाने ३ केला, त्याच्या पुढच्या वर्षी ३ चा ४ काही होईना, नुसती खाडाखोड झाली म्हणून कागदच काढला. रूममधले दोघं पोस्ट काढून गेले, एक पीएसआय, एक एसटीआय म्हणजे राज्य कर निरीक्षक, गावाच्या फाट्यावर त्यांचे बॅनर लागलेत. आण्णा रोज रात्री नऊला फोन करतात, जेवलास का एवढंच विचारतात, निकालाचं चुकूनही काढत नाहीत आणि खरं सांगू का, त्याचाच जास्त त्रास होतो. मला दुसरं काही येतच नाही असं वाटायला लागलंय. सोडू का अजून एक अटेम्प्ट देऊ?

उत्तर : अरे, पहिलं म्हणजे तू तीस मार्कांनी मागे राहिला असतास ना, तर एव्हाना कधीच बॅग भरून निघाला असतास. दोन मार्क म्हणजे पूर्वच्या जीएसमधला, म्हणजे सामान्य अध्ययनातला, एक प्रश्न, त्यात उत्तर चुकलं की त्या प्रश्नाच्या मार्कांचा पाव हिस्सा वजा, म्हणजे चार ठिकाणी उगाच अंदाजाने पर्यायाचे गोळे काळे केले तरी तेवढे जातात. एवढ्यासाठी गेलं म्हटलं की डोकं म्हणतं, पुढच्या वेळी नक्की. माझा धाकटा भाऊ नवी पेठेत चार वर्षं असाच बसलेला, दरवेळी कटऑफ लागला की त्याच संध्याकाळी ठरवायचा, आता फक्त एक शेवटचा, आणि असे 'शेवटचे' तीन झाले. म्हणून माझं म्हणणं एवढंच की निर्णय निकालाच्या दिवशी घ्यायचा नाही. आजच घे, कॅलेंडर काढ, तारीख लिही, आणि ती तारीख अजून कोणाला तरी माहीत असू दे.

अटेम्प्ट द्यायचाच असेल तर नीट बघून दे. २०२५ पासून राज्यसेवेची मेन्स वर्णनात्मक झालीय, नऊ पेपर, त्यातले भाषेचे दोन नुसते पास व्हायचे, बाकी सातांचे १७५० मार्क, वर मुलाखत २७५. तू गोळे काळे करण्यात चार वर्षं घातलीस, आता पानंच्या पानं लिहायचीत. हाताने रोज दोन उत्तरं लिहून कोणाकडून तरी तपासून घेतोस का? महिनाभर घेऊन बघ, त्यातच कळेल तुला अजून हे करावंसं वाटतंय का नुसती सवय झालीय. (अभ्यासिकेत बारा तास बसणं आणि बारा तास अभ्यास यातला फरक तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीय, चहाच्या टपरीवरचे तास मी मोजत नाही.)

आणि सगळंच तुझ्या हातात नव्हतं रे. २०२४ चीच पूर्व बघ, २५ ऑगस्टला ठेवली, त्याच दिवशी बँकेचा पेपर आला, पोरं शास्त्री रोडवर आंदोलनाला बसली तेव्हा कुठे परीक्षा पुढे गेली आणि झाली १ डिसेंबरला. त्या अख्ख्या वर्षाचा हिशोब स्वतःच्या नावावर कशाला मांडतोस?

आता दुसरं काही येत नाही म्हणतोस त्याचं. ओपनला, म्हणजे खुल्या प्रवर्गाला, राज्यसेवेची वयाची अट ३८ आहे म्हणून सगळ्यांना वाटतं टाइम आहे. पण तुझ्या अ‍ॅग्रीच्या डिग्रीवर बँकेत कृषी अधिकारी होता येतं, आयबीपीएस ही बँकभरतीची संस्था घेते ती परीक्षा, आणि तिथे ओपनला वय ३० पर्यंतच. म्हणजे हे दार आधी बंद होतंय, ३८ वालं नाही. ह्याला प्लॅन बी म्हणू नकोस, त्या शब्दानेच अर्धी पोरं लाजतात. फॉर्म निघाला की भर, बस.

झोप लागत नसेल, नको ते विचार येत असतील तर मात्र कटऑफ-बिटऑफ बाजूला ठेव आणि १४४१६ ला फोन लाव, सरकारचं टेलिमानस आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात. माझ्या भावाला तेव्हा असलं काही माहीत नव्हतं, तो नुसता पांघरूण घेऊन पडून राहायचा आणि आम्हाला वाटायचं रात्री जागून वाचतोय.

आण्णांचं म्हणशील तर ते विचारत नाहीत कारण तू दुखावशील ही त्यांना भीती, आणि तू सांगत नाहीस कारण ते दुखावतील ही तुला. हे फोनवर नाही व्हायचं. रात्रीची ट्रॅव्हल्स पकड, सकाळी त्यांच्याबरोबर शेतात जा, आणि बांधावर बसून ती तारीख त्यांना सांग. ते लगेच काही बोलणार नाहीत, बहुतेक सोयाबीनचंच काहीतरी काढतील. काढू देत. तू ॲग्रीवाला आहेस ना, बोल मग सोयाबीनवर.