सिफ्नोस : मुक्काम गावात की किनाऱ्यावर?

प्रश्न : ग्रीसमधील सिफ्नोस या छोट्या बेटावर चार दिवस राहण्याचा आम्हा पती-पत्नीचा विचार आहे. आम्ही शाकाहारी आहोत आणि तेथे गाडी चालवणार नाही. मुक्काम कोठे करावा आणि कोणत्या महिन्यात जावे?

उत्तर : मुक्काम गावातच करावा, असे आम्ही आग्रहाने सुचवू. सायक्लेड्स द्वीपसमूहातील या बेटावर विमानतळ नसल्याने अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून बोटीने कामारेसला उतरावे लागते आणि तेथून बसने डोंगरावरील अपोलोनिया या मुख्य गावी जाता येते. बेटावरील बसमार्ग येथेच एकत्र येत असल्यामुळे प्लातिस यालोसचा लांब वाळूचा किनारा किंवा वाथीचा शांत, उथळ उपसागर गाठणे आपल्याला येथून सोपे पडेल.

किनाऱ्यांइतकाच वेळ कास्त्रोसाठी राखून ठेवावा. पूर्वेकडील कड्यावर वसलेल्या या मध्ययुगीन गावात बाहेरच्या रांगेतील घरे एकमेकांना इतकी खेटून बांधली आहेत, की त्यांच्या मागच्या भिंतींचीच तटबंदी झाली आहे; अरुंद गल्ल्यांतून चालताना रोमन काळातील संगमरवरी शवपेट्या वाटेच्या कडेलाच दिसतात. गावाखाली समुद्रात घुसलेल्या खडकावर सात हुतात्म्यांचे पांढरेशुभ्र छोटे चर्च आहे. अपोलोनियाहून कास्त्रोला पायी जाता येते. मात्र वाट दगडी असल्याने बूट चांगले हवेत.

जेवणाची चिंता नसावी. काबुली चणे, कांदा आणि ऑलिव्ह तेल यांचे ‘रेविथादा’ हे येथील खास रविवारचे जेवण. झाकणाचे मातीचे भांडे शनिवारी संध्याकाळी लाकडाच्या भट्टीत ठेवतात आणि रविवारी चर्चमधील प्रार्थनेनंतर बाहेर काढतात. रात्रभर मंद आचेवर शिजलेले चणे तोंडात विरघळतात. ही भांडी घडवणाऱ्या कुंभारांची परंपरा बेटावर आजही टिकून आहे. तेव्हा आपल्या चार दिवसांत रविवार येईल, असे अवश्य पाहावे.

महिना म्हणाल, तर जून किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी तर असतेच, शिवाय ‘मेल्तेमी’ हा उत्तरेचा वारा जोराने वाहतो आणि तो फार वाढला, तर बोटी रद्द होतात. सप्टेंबरमध्ये उन्हाळाभर तापलेले पाणी पोहण्यास सुखद असते. कोणत्याही महिन्यात गेलात, तरी बेटावरून निघाल्यानंतर परतीच्या विमानापूर्वी एक रात्र अथेन्समध्ये ठेवावी.