नोकरी सोडून पुस्तक लिहू का?

बातमीदारीत पंधरा-वीस वर्षं घालवलेली माणसं एक प्रश्न हमखास विचारतात: पुस्तक डोक्यात तयार आहे, कागदावर उतरत नाही, नोकरी सोडून बसू का? मराठवाड्यातल्या एका दैनिकाचे जिल्हा प्रतिनिधी माझ्याकडे हेच विचारायला आले होते. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.) पंचेचाळिशीचे गृहस्थ, मुलगी अकरावीत, घराचे हप्ते चालू. पुस्तकाचा विषय ऊसतोड कामगार. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, नवरा-बायको मिळून एक मजूर-जोडी म्हणून धरला जाणारा एक ‘कोयता’, दिवाळीच्या सुमारास ओस पडणारी गावं, हे सगळं त्यांनी जवळून पाहिलेलं. काही प्रकरणं लिहून झाली होती, पण ती सगळी त्यांना टाकाऊ वाटत होती. रात्री झोप नाही, घरात चिडचिड.

"मॅडम, वेळच मिळत नाही," असं त्यांचं म्हणणं. दिवस कसा जातो ते सांगायला लावलं. संध्याकाळी पाचपासून पान छपाईला सुटेपर्यंत खरोखरच फुरसत नव्हती. पण सकाळचे दोन तास मोकळे होते आणि तेव्हा ते वही उघडून बसतही होते. बसून काय करता, तर म्हणाले, "कालचं वाचतो आणि खोडतो."

दुखणं इथे होतं. पेपरात लिहिलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी छापून येतं. फोन येतात, एखादा अधिकारी चिडतो, चहाच्या टपरीवर कुणीतरी "आजची बातमी भारी" म्हणतं. इतकी वर्षं त्यांना याची सवय झालेली. पुस्तकाचं तसं नसतं. दीड-दोन वर्षं लिहीत राहायचं आणि कुणी ओ देत नाही. त्या शांततेचा अर्थ त्यांनी ‘आपल्याला जमत नाही’ असा लावला होता. नोकरी सोडली असती तर हीच शांतता दिवसभर घरात येऊन बसली असती, वर हप्त्यांची काळजी. मी स्पष्ट सांगितलं, आत्ता सोडू नका.

पैशाचा हिशेबही मांडला. २५० रुपयांचं पुस्तक, १० टक्के रॉयल्टी धरली, तर १००० प्रतींची आवृत्ती पूर्ण खपल्यावर हाती २५,००० रुपये. आवृत्ती संपायला किती वर्षं लागतील ते वेगळंच. ते ग्रामीण भागावर लिहिणारे पत्रकार पी. साईनाथ यांचं उदाहरण देत होते. पण साईनाथ १९९३ मध्ये खेड्यांकडे निघाले ते टाइम्स ऑफ इंडियाची फेलोशिप घेऊन. लेख आधी पेपरात आले, पुस्तक १९९६ मध्ये.

दुसरी भीती त्यांनी बरीच उशिरा सांगितली: "माझ्या बातम्या मालकाच्या ना? मला वापरता येतील?" या भीतीपायी कितीतरी चांगली पुस्तकं अडून राहतात, म्हणून नीट सांगते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, वृत्तपत्राच्या नोकरीत त्या पत्रासाठी लिहिलेल्या मजकुरावर मालकाचा हक्क वृत्तपत्र-नियतकालिकात छापण्यापुरता असतो. बाकी हक्क लिहिणाऱ्याचा. करारात वेगळं ठरलं असेल तर मात्र ते लागू. त्यांना नेमणूकपत्र काढून वाचायला सांगितलं.

मग दोन गोष्टी ठरल्या. सकाळी मागचं पान उघडायचं नाही. आणि महिन्याला एक प्रकरण एका निवृत्त शिक्षक मित्राला द्यायचं. त्यांनी चुका काढायच्या नाहीत, कुठे अडखळलो आणि कुठे पुढे वाचावंसं वाटलं एवढंच सांगायचं.

मित्र अडखळले ते सगळे बातमीच्या भाषेतले उतारे होते. गुंतले ते एका कोपीपाशी, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपडीपाशी. लहान भाऊ कडेवर, पहाटेच्या अंधारात चुलीपुढे भाकरी थापणारी दहा वर्षांची मुलगी. पेपरात ती ‘शाळाबाह्य मुलं’ या आकड्यात गेली होती. वहीत तिच्यावर चार पानं होती. प्रकरण आता तिच्यापासून सुरू होतं.

नेमणूकपत्रात पूर्वपरवानगीची अट निघाली. त्यांनी संपादकांना रीतसर पत्र दिलं, परवानगी मिळाली. झोप बरीच सुधारली आहे. पुस्तक अजून निम्मंच झालंय.