कंडिशनल वाक्यांचे चारही प्रकार पाठ आहेत, तरी बोलताना 'इफ'नंतर 'वुड' येतंच. काय करू?

त्या तक्त्यानेच तुमचं नुकसान केलंय. झिरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड अशा चार खणांत इंग्रजी बसत नाही, हे माझं नववीपासूनचं मत आहे.

तेव्हा माझा धाकटा भाऊ झाडावरून पडला होता. पाय मोडला, गुडघ्यापर्यंत प्लास्टर. त्याच आठवड्यात 'इफ' वापरून पाच वाक्यं लिहायचा गृहपाठ होता. मी घरातलंच लिहिलं: 'इफ ही हॅड नॉट क्लाइम्ब्ड द ट्री, हिज लेग वुड नॉट बी इन प्लास्टर नाऊ.' सरांनी 'वुड नॉट बी' लाल शाईने खोडलं आणि वर 'वुड नॉट हॅव बीन' लिहिलं. शेवटचा 'नाऊ' मात्र तसाच राहू दिला. मी वही घेऊन टेबलाशी गेले. म्हटलं, सर, झाडावर चढला तो गेल्या आठवड्यात, पण प्लास्टर अजून पायातच आहे. सर म्हणाले, "इफ हॅड आलं की पुढे वुड हॅव. तक्ता बघ." सगळा वर्ग ऐकत होता. मी जागेवर जाऊन बसले आणि पुढची दोन वर्षं वर्गात इंग्रजीत स्वतःहून एक वाक्य बोलले नाही.

कॉलेजात गेल्यावर व्याकरणाच्या एका जाड पुस्तकात 'मिक्स्ड कंडिशनल' हे प्रकरण दिसलं. अट भूतकाळातली, परिणाम आजचा. माझं वाक्य शंभर टक्के बरोबर होतं. ते पान मी उभ्या उभ्या तीनदा वाचलं.

आता तुमच्या 'वुड'बद्दल. ही चूक आपल्या मराठीतून येते, आणि हे कुणी शिकवतच नाही. 'मला माहीत असतं तर मी आलो असतो' यात 'असतं-असतो' दोन्हीकडे आहे, म्हणून आपण 'वुड'ही दोन्हीकडे लावतो: 'इफ आय वुड हॅव नोन'. इंग्रजीत ते फक्त परिणामाच्या बाजूला: 'इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम.' 'त्याला माहीत असेल तर तो सांगेल' याचंही तेच. 'असेल' ऐकून आपण 'इफ ही विल नो' म्हणतो. हवं 'इफ ही नोज, ही विल टेल अस.'

दुसरी गफलत जास्त चिवट. 'तुझ्या जागी मी असते तर नोकरी सोडली असती.' आज सोडली असती की मागेच? मराठीला फरक पडत नाही, इंग्रजीला पडतो: आज असेल तर 'वुड लीव्ह', मागेच असेल तर 'वुड हॅव लेफ्ट'. 'असती' दिसलं की आपला हात आपोआप 'वुड हॅव'कडे जातो.

उलट भूतकाळी रूपाला घाबरायचं कारणच नाही. 'उद्या पाऊस पडला तर घरी थांबू' यातला 'पडला' भूतकाळ आहे का? नाही ना? मग 'इफ आय वेअर यू' मधला 'वेअर' हाही भूतकाळ नाही, तिथे ते रूप फक्त 'हे खरं नाही' एवढंच सांगतं. हे वर्गात एकदा मराठीतून सांगितलं असतं तर अर्ध्या मुलांची भीती गेली असती.

म्हणून प्रकार आठवू नका. वाक्याचे दोन तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याला वेगळं विचारा: हे घडू शकतं का, आणि केव्हाचं आहे? दोन्ही तुकडे एकाच काळातले असलेच पाहिजेत, असा नियम नाही. कुणी लाल शाईने तसं लिहून दिलं, तरी नाही.

'इफ'नंतर 'विल' किंवा 'वुड' कधीच येत नाही, हेही खोटं. 'इफ यू विल वेट हिअर', 'इफ यू वुड साइन हिअर' अशी विनंती अगदी शुद्ध आहे. अमेरिकेत बोलताना 'इफ आय वुड हॅव' बरंच ऐकू येतं, पण लिहिताना टाळा. 'इफ आय वॉज'ही बोलण्यात चालतं.

बोलण्याच्या सवयीसाठी रोज दिवसभरात खरंच घडलेल्या गोष्टींवर दोन-तीन वाक्यं मोठ्याने म्हणा, एवढंच मी केलं होतं. आणि हो, परीक्षा तोंडावर असेल तर रिकाम्या जागा गुपचूप तक्त्याप्रमाणे भरा. वाद मार्क हातात पडल्यावर घाला, पण घाला नक्की.