काळजी लागली की आधी काय करायचं

जय ख्रिस्त ताई, पहिलं म्हणजे काळजीने छातीत धडधडतं म्हणून आपला विश्वास कमी पडला असं अजिबात समजू नका, क्रुसावर जायच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द प्रभू येशूच म्हणाला ना, 'माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे' (मत्तय 26:38).

सध्या एवढंच करा:
- लांबलचक प्रार्थना नको. काळजीचं नाव घेऊन सांगा, पोराची फी, आईचा रिपोर्ट, जे असेल ते. मी रात्री गॅस बंद करताना ओट्यापाशी उभी राहूनच सांगते.
- स्तोत्र 56 मधलं 3रं वचन (भीती वाटेल तेव्हा देवावर भरवसा ठेवीन, अशा अर्थाचं) पाठ करा, छोटंसं आहे, लोकलच्या गर्दीतही मनात म्हणता येतं.

विश्वासात नवीन असताना बायबल कुठेही उघडून त्यात उत्तर शोधायची सवय लागते, ती नको. आणि प्रार्थना केली म्हणून गोळ्या बंद, हे तर मुळीच करू नका हं! एलीया संदेष्टा रानात रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने आधी त्याला उठवून भाकर-पाणी दिलं, मग तो परत झोपला, परत खायला दिलं (1 राजे 19), उपदेश नाही केला. तेव्हा जेवण, झोप, डॉक्टर सगळं सांभाळा आणि मंडळीतल्या एका तरी बाईला खरं काय ते सांगा, एकटीने ओढू नका.