गोबर गॅस बांधण्याआधी गोठा बघा

दादा, 2 घनमीटरच्या प्लँटला रोज साधारण 50 किलो ताजं शेण लागतं, म्हणजे दावणीला 4-5 मोठी जनावरं हवीत. तेवढी नसतील तर 1 घनमीटरचाच बांधा. मोठा बांधून अर्धपोटी ठेवण्यात काही राम नाही. शेण-पाणी समान घ्या आणि हातानं कालवा. गाठी फुटल्या पाहिजेत, काड्या-खडे निघाले पाहिजेत. माती तळाशी साचली की टाकी उपसावीच लागते. फिनेलचं पाणी चुकूनही आत जाऊ देऊ नका, गॅस तयार करणारे जंतू मरतात. सुरुवातीचा गॅस पेटत नाही, त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. घाबरू नका, उघड्यावर सोडून द्या. जवळ विडी-काडी नको. थंडीत गॅस कमी पडतो, तेव्हा कोमट पाण्यात कालवा. आणि स्लरी, म्हणजे गॅस निघाल्यावर बाहेर पडणारं शेणाचं पातळ खत, ओढ्याला सोडू नका हो, माझ्या मते खरी कमाई तीच. पाटाच्या पाण्याबरोबर पिकाला द्या.