ताप नव्हता, धाप नव्हती, मग ऑक्सिजन 81 कसा?

प्रश्न : एप्रिल 2021 मध्ये माझे सासरे कोरोनाने गेले. वय 66, बँकेतून निवृत्त, रक्तदाबाची गोळी चालू, साखर नाही. पहिले दोन दिवस अंग दुखलं, कणकण आली आणि गेली. सहाव्या दिवशी त्यांनी मागून पोहे खाल्ले. आठव्या दिवशी दुपारी पलंगावर बसून पेपर वाचत होते, तेव्हा शेजाऱ्यांचं ऑक्सिमीटर लावलं तर 81. यंत्र बिघडलं असेल म्हणून ह्यांनी स्वतःच्या बोटाला लावलं, तर 98. बाबा म्हणत होते, "मला काही होत नाहीये." खाट मिळेपर्यंत रात्रीचे दोन वाजले. दाखल केल्यापासून पाचव्या दिवशी ते गेले. त्याच खोलीत झोपणाऱ्या 74 वर्षांच्या आत्याबाईंना साधी सर्दीही झाली नाही. पुतण्या म्हणतो, दाखल झालेल्यांपैकी 98 टक्के लोकांना ताप होता असं छापून आलं आहे. मग आम्हालाच काही कळलं कसं नाही? आमचं कुठं चुकलं?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ताई, पुतण्याने वाचलेला आकडा खरा आहे, पण तो फक्त 41 रुग्णांचा आहे. जानेवारी 2020 मध्ये वुहानच्या डॉक्टरांनी आपल्याकडे दाखल झालेल्या पहिल्या रुग्णांबद्दल लिहिलं. त्यांतल्या 40 जणांना ताप होता. त्या दिवसांत संशयित रुग्ण हुडकायची खूणच ताप ही होती, मग ताप नसलेला त्या यादीत यायचा कसा? पुढे चीनमधल्या 1,099 रुग्णांची माहिती आली. दवाखान्यात पोहोचताना ताप होता 43.8 टक्क्यांना, बाकीच्या पुष्कळांना तो दाखल झाल्यावर आला. न्यूयॉर्कच्या भागात दाखल झालेल्या 5,700 जणांमध्ये तर दारात ताप सापडला फक्त 30.7 टक्क्यांना. दहांतले जवळजवळ सात जण अंग गार असतानाच आले होते.

हे मला पुस्तकातून नाही कळलं. 2020 च्या उन्हाळ्यात मी इथल्याच एका दवाखान्यात होतो. दारात एक मुलगा ताप मोजायची बंदूक घेऊन उभा असे. एक गृहस्थ आले, कपाळ थंड, बोलणं व्यवस्थित. मी त्यांना गोळ्या देऊन घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी त्यांना स्ट्रेचरवरून आणलं. त्यानंतर मी बंदुकीवर विसंबणं सोडलं आणि श्वास मोजायला लागलो. माणसाला न सांगता, त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे बघत पूर्ण एक मिनिट. चोवीस किंवा त्याहून जास्त भरले, की माणूस हसत असला तरी त्याला घरी जाऊ द्यायचं नाही.

बाबांना धाप का लागली नाही, ते आता सांगतो. जीव गुदमरतोय असं आपल्याला वाटतं ते मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला की. या आजारात फुप्फुसाचे काही भाग ऑक्सिजन घेईनासे होतात, पण माणूस नकळत भराभर श्वास घेतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो. त्यामुळे गुदमरल्यासारखं होत नाही. पेपर वाचता येतो, पोहे खाता येतात, आणि आकडा 81 असतो. "मला काही होत नाहीये" हे बाबा खरंच सांगत होते. आणि तुमच्या यजमानांनी यंत्र स्वतःच्या बोटाला लावून पाहिलं, ते अगदी बरोबर केलं. वॉर्डात आम्हीही तेच करत होतो. बोट गार असेल, नखाला मेंदी किंवा नेलपॉलिश असेल, तर यंत्र चुकू शकतं.

आठवा दिवसही तुमच्या घरापुरता नव्हता. वुहानच्या त्या 41 जणांत ज्यांना धाप लागली, त्यांना ती लागायला लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण आठ दिवस गेले. मधले दोन-तीन दिवस बरं वाटणं, तोंडाला चव येणं, हे आम्ही खाटेखाटेवर पाहिलं. नातेवाईक म्हणत, "कालपर्यंत छान होते हो." दरवेळी ते खरं असे.

आत्याबाईंचं म्हणाल, तर वय वाढलं की धोका वाढतो, पण धोका म्हणजे नशिबाचा लेख नव्हे. न्यूयॉर्कच्या त्या रुग्णांचं मध्य वय 63 होतं, म्हणजे निम्मे त्रेसष्टच्या आतले. अर्ध्याहून अधिकांना रक्तदाब होता, बाबांसारखाच. मधुमेह साधारण तिघांतल्या एकाला. आणि विषाणू बदलला की माणसंही बदलतात. 2009 च्या स्वाइन फ्लूत आमच्याकडे येत ते तरणेताठे, लठ्ठ, गरोदर बायका. म्हातारी माणसं त्या मानाने कमी, कारण तशा जुन्या विषाणूची ओळख त्यांच्या शरीराला आधीच झालेली होती.

तुम्ही सरळ विचारलंत, म्हणून सरळ सांगतो. जून 2020 मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीतून कळलं, की डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे ऑक्सिजन लागलेल्यांमधले मृत्यू सुमारे एक पंचमांशाने आणि व्हेंटिलेटरवरचे सुमारे एक तृतीयांशाने घटतात. आमच्या हातातलं त्यातल्या त्यात चांगलं औषध ते हेच, आणि ते मिळूनही बरेच रुग्ण गेले. बाबांना सातव्या दिवशी नेलं असतं तर ते वाचले असते, असं छातीवर हात ठेवून कोणी डॉक्टर म्हणणार नाही. त्या एप्रिलमध्ये दुपारपासून रात्री दोनपर्यंत खाट न मिळणं ही तुमच्या घराची चूक नाही, एवढं मात्र मी छातीवर हात ठेवून म्हणतो.

दवाखान्याची फाइल ठेवली असेल, तर तिची झेरॉक्स मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. पहिल्या पानावर, नाडीच्या खाली, श्वासांचा आकडा असेल. तो आणि आल्याबरोबर लावलेल्या ऑक्सिजनची नोंद वाचून मी तुम्हाला वेगळं पत्र लिहीन. ते इथे छापणार नाही.